उंबरठ्यावरचा बापूमामा

आमच्या माजघरातली सतरंजी रुंद रंगीत पट्ट्यांची होती, आणि जगातली बहुतेक राजकीय तत्त्वज्ञानं मी प्रथम पाहिली ती तिच्यावर मांडी घालून बसलेली. रविवारची दुपार कलली की आई ती गच्चीवरून झटकून आणी. उन्हात तापलेल्या सुताचा, किंचित भाजल्या ज्वारीसारखा वास खोलीभर पसरे, आणि मग माझे वडील, अण्णा, तिची एक कड भिंतीला जुळवून एखादा नकाशा उलगडावा तशा निगुतीने ती अंथरीत. अण्णा शहरातल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवीत. माणूस कुठे बसला आहे यावरून तो काय मानतो हे कळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. देवघराच्या अंगाची तपकिरी पट्टी परंपरा मानणाऱ्यांची. मधली निळी उदारमतवाद्यांची, म्हणजे स्वतः अण्णांची. तिच्या पलीकडची तांबडी समाजवाद्यांची. तिच्यावर आमच्याच घरात राहणारे अण्णांचे धाकटे भाऊ, दिनूकाका, जागा राखून ठेवल्यासारखे बसत. आणि दाराजवळची, विटून पांढुरकी झालेली पट्टी अराज्यवाद्यांची, म्हणजे राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्यांची. ती कायम रिकामी असे आणि तिच्यावर आमची मांजर झोपे.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. घरात बोलणं मराठी, हिशेब उर्दू आणि अण्णांची पुस्तकं इंग्रजी, अशी तीन पाण्यांची सरमिसळ होती. पण नव्या राज्याचा आनंद सगळ्यांच्या बोलण्यात चहातल्या आल्यासारखा लागे. एका माणसाच्या मर्जीने चालणारा कारभार संपला, आता आपण ठरवायचं, या कल्पनेने अण्णा इतके भारावले होते की आमच्या घरात भाजीपासून भिंतीच्या रंगापर्यंत सगळं मतदानाने ठरे. कोनाड्यात एक पितळी गडू असे आणि शेजारी दोन वाट्या, एकीत हरभरे, दुसरीत तूर. हो म्हणायचं तर हरभरा, नाही म्हणायचं तर तूर, मूठ झाकून गडूत टाकायची. मतदान गुप्त असलं तरी दाणा पितळेवर पडल्याचा आवाज वेगवेगळा येई, हरभऱ्याचा टणक आणि तुरीचा नाजूक, आणि कान देऊन ऐकणाऱ्याला सारं कळे. अजूनही डाळ निवडताना एखादा दाणा ताटात वाजला की मी क्षणभर थांबते; वाटतं, कुणीतरी काहीतरी ठरवलं.

या नीटनेटक्या व्यवस्थेची पंचाईत झाली ती बापूमामा राहायला आला तेव्हा. बापूमामा आईचा धाकटा भाऊ. वैजापूरकडे कांद्याकापसाचा व्यापार करून कंटाळला आणि बी-बियाण्याचं लहानसं दुकान टाकायला शहरात आला, तो आमच्या माडीवर उतरला. त्याच्या कपड्यांना कायम मेथीच्या बियांचा कडवट वास येई. पहिल्याच रविवारी अण्णांनी त्याला सतरंजीवर बसवून विचारलं, "बापू, राज्यानं काय काय करावं?"

"चोर धरावा, दाजी. शब्द मोडणाऱ्याला जाब विचारावा. बाहेरून कुणी चालून आलं तर उभं राहावं. एवढं झालं की घरी जाऊन झोपावं."

"व्यापारात पडू नये ना? मग ये, निळ्या पट्टीवर ये, माझ्याजवळ," अण्णा खुशीत म्हणाले. "आणि गरिबाच्या शाळा, दवाखाने?"

"ज्याला काढायचेत त्यानं काढावेत. मीही देईन हात उचलून. पण माझ्या खिशात हात घालून कुणी काढू नयेत."

"मग माझ्याजवळ नको. जरा तिकडं सरक, देवघराकडं."

"तिथं कसा बसू? कुणी काय खावं, कुणाला पुजावं, काय वाचावं, यात देवळानंही पडू नये आणि सरकारनंही पडू नये असं म्हणतो मी."

दिनूकाका मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे, हा तर आमचा निघाला! ये बापू, तांबड्यावर ये."

"तुझ्याकडं आलो तर दुकान माझं राहील का, दिनू?"

"दुकान सगळ्यांचं होईल."

"मग निघालो."

असा सरकत सरकत तो दाराजवळच्या पांढऱ्या पट्टीपर्यंत पोचला. मांजरीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे राज्यच नको?" अण्णांनी विचारलं. "असं कसं? दार हवं, कडी हवी, राखणदारही हवा," मामा म्हणाला, आणि सतरंजीच शिल्लक न राहिल्यामुळे तो सरळ उंबरठ्यावर बसला, एक पाय आत आणि एक पाय अंगणात. "इथं बरं आहे. सगळे दिसतात आणि वाराही येतो." आतून आई ओरडली, "बापू, उंबऱ्यावर बसू नये रे! दिवेलागण व्हायला आली." पण मामाची जागा तीच ठरली.

पुढे आयुष्यभर मी हाच विषय शिकवला. स्वेच्छातंत्रवाद, अशा जड नावाने मामाचा विचार मला पुस्तकांत भेटला, आणि तो डावा की उजवा, असा प्रश्न दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारी. मी फळ्यावर आडवी रेघ ओढण्याऐवजी एक दार काढीत असे. उदारमतवादी दाराच्या आत राहतो. स्वातंत्र्य त्यालाही प्राणाहून प्रिय, पण ते दुबळ्यालाही वापरता यावं म्हणून घराने थोडी व्यवस्था करावी, असं त्याला वाटतं. अराज्यवादी घर सोडून अंगणात झोपतो. आणि या दोघांच्या मधल्या लाकडावर, आतल्यांना 'हात आवरा' आणि बाहेरच्यांना 'कडी तोडू नका' असं एकाच दमात सांगणारा जो बसलेला असतो, तो बापूमामा. विद्यार्थी हसत. परीक्षेत मात्र दार बरोबर काढत.

मामाचं तत्त्वज्ञान पुस्तकातून आलेलं नव्हतं, लाडवातून आलं होतं. निजामाच्या काळात वैजापूरच्या पुढे हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. मामा पलीकडे माल घेऊन जाई, तेव्हा एकदा आईने त्याच्याबरोबर रव्याच्या लाडवांचा डबा दिला होता. नाक्यावरच्या शिपायाने आत काही लपवलंय का हे पाहण्यासाठी त्यातला एक एक लाडू फोडला आणि तो चुरा परत डब्यात भरून डबा अदबीने मामाच्या हातात दिला. "मारलं असतं तर विसरलो असतो," मामा सांगे. "पण अक्कानं वळलेला लाडू! त्याच्यावर तिच्या बोटांचे ठसे होते." नाका गेला, राज्य बदललं, तरी तो डबा मामाच्या मनातून गेला नाही. काका म्हणत, "आता राज्य आपलं आहे, बापू." त्यावर मामाचं उत्तर ठरलेलं असे, "राज्य आपलं झालं, दिनू. लाडू अजून माझाच आहे."

त्याचा हट्ट कधी कधी हास्यास्पद होई. आमच्या गल्लीला नहरीचं पाणी येई. डोंगरातून जमिनीखालून कोणत्या जुन्या काळापासून वाहत आलेलं ते गार पाणी कोपऱ्यावरच्या हौदात पडे, आणि त्याच्या अखंड झुळझुळीवर साऱ्या गल्लीची झोप तोललेली असे. एका उन्हाळ्यात हौद साफ करायचा ठरला आणि प्रत्येक घरच्या पुरुषाने आलंच पाहिजे, असा अण्णांनी गल्लीभर ठराव केला. "आलंच पाहिजे असेल तर मी येत नाही," मामा म्हणाला आणि दिवसभर माडीवर बसून राहिला. संध्याकाळी दमलेली मंडळी घरी परतली आणि पाहतात तो मामा धोतर खोचून एकटाच हौदात उतरलेला, त्यांनी अर्धवट सोडलेला शेवाळाचा कोपरा करवंटीने घासतो आहे. काका कठड्यावरून वाकून म्हणाले, "आता कशाला उतरला?" "आता कुणी बोलावलं नाही म्हणून," खालून उत्तर आलं. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "दोन्ही घरचे पुरुष शहाणे. पाणी तेवढं येऊ द्या म्हणजे झालं."

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होते आणि कवितेच्या नादी लागले होते. तो नाद मला लावला रुकय्याखालांनी. खाला म्हणजे मावशी; त्या आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. पूर्वी त्या मुलींच्या शाळेत शिकवीत. आता शाळेची भाषा उर्दूची मराठी झाली, त्यांचे दोन्ही मुलगे हैदराबादला गेले, आणि अंगणातलं सीताफळाचं झाड, शेजारच्या घरातल्या हिमरू विणणाऱ्या मागाचा खटका आणि दारच्या चार शेळ्या एवढाच त्यांचा संसार उरला होता. एकदा आईचा निरोप घेऊन गेले असता त्या कुठलासा शेर स्वतःशीच गुणगुणत होत्या. अर्थ मला कळला नाही, पण शेवटचा शब्द फिरून आला तेव्हा पाळण्याचा झोका परत येताना पोटात होतं तसं काहीतरी झालं. "खाला, मला शिकवाल?" मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. "कायकू बेटी? अब तो सब छोड रै, तू कायकू पकड री?" म्हणाल्या, आणि लगेच पाटी घ्यायला आत गेल्या. मग रोज तिसऱ्या प्रहरी मी जाऊ लागले. पुदिना घातलेला काळा चहा, मागाचा ठेका, आणि खालांचा आवाज: "ये बडा काफ है. हलक से निकालो. मराठी का क नक्को इधर." माझा काफ काही केल्या घशातून निघत नसे. खाला हसत, मीही हसे, शेळ्या दचकून आमच्याकडे पाहत.

ही गोष्ट दिनूकाकांच्या कानावर गेली. काका मनाचे मोठे होते, पण ही जखम वेगळी होती. लहानपणी शाळेत पाटीवर स्वतःचं नाव मराठीत लिहिलं म्हणून त्यांनी छड्या खाल्ल्या होत्या. पुढे निजामाविरुद्धच्या लढ्यात ते घरदार सोडून सरहद्दीवरच्या छावणीत राहिले, आणि परत आले तेव्हा बरोबर गेलेल्यांपैकी सगळे परत आले नव्हते. रविवारी त्यांनी सतरंजीवर हाताची मूठ टेकली. "इतकं सोसलं ते कशासाठी? आपल्या घरातली पोरगी रोज उठून तीच भाषा गिरवायला जावी म्हणून? लोक मला विचारतात. मी काय सांगू? हे बंद झालं पाहिजे. खलास."

"खाला एकट्या असतात, काका," मी म्हणाले.

"त्यांच्याविषयी माझं काही नाय, कुमे. बाई लई भली आहे. पण घर एकट्याचं नसतं. तू एकटी जात नाहीस तिथं, आमचं नाव जातं."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा स्वतः रोज सकाळी उर्दू वर्तमानपत्र वाचत. माझी बाजू त्यांना पटत होती हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण ते उठले आणि कोनाड्यातून गडू घेऊन आले. "मत घेऊ. कुमुदनं खालांकडं शिकायला जावं का?" म्हणाले. मला आठवतं, मला तेव्हा बरंच वाटलं. मतदानात न्याय असतो, असं मला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

मूठ झाकून एक एक जण आला. आईचा हरभरा टणक वाजला, माझाही वाजला. काकांची तूर पडली, पाठोपाठ काकूंची. माझा थोरला भाऊ मुकुंद काकांचा लाडका. त्याने माझ्याकडे न बघता हात गडूत घातला आणि फार नाजूक आवाज झाला. अण्णा अध्यक्ष, म्हणून फक्त बरोबरी झाली तर मत देणार. मामा कधीच मत देत नसे. तो उंबरठ्यावर बसून तळहातावर मेथीचं बी चोळत होता. काका मोजायला बसले, आणि माणूस शाळेत ज्या भाषेत मोजायला शिकतो त्याच भाषेत जन्मभर मोजतो, म्हणून नेहमीप्रमाणे त्यांच्या तोंडून आलं, "एक... दो... तीन." तूर जास्त होती. कुणी हसलं नाही. मामाला मात्र ठसका लागला.

"बहुमत," अण्णा जड आवाजात म्हणाले. "कुमुद, उद्यापासून जायचं नाही. मलाही वाईट वाटतं, पण ठरलं ते ठरलं."

"दाजी," दारातून मामा म्हणाला, "एक विचारू? दिनूनं पाटीवर काय लिहावं हे पूर्वी हैदराबादेत बसून एक माणूस ठरवायचा. आता या पोरीनं काय वाचावं हे सतरंजीवर बसून पाच जणांनी ठरवलं. राज्य बदललं हे मला दिसतंय. पाटीच्या बाजूनं काय बदललं, ते तेवढं सांगा."

हौदाचं पाणी ऐकू येऊ लागलं. काकांचा चेहरा लालबुंद झाला. "मी आणि तो एक का?" ते उभे राहिले. "मी छडी मारली का तिला?"

"नाय मारलीस. तूर टाकलीस."

"तुला काय कळणार, बापू! तू कशातच नाहीस. ना आत, ना बाहेर. घराचं नाव राखायची वेळ आली की तू अंगणात. जेवायची वेळ आली की आत!"

हा घाव मामाला लागला. अण्णा गडूत डोकावून पाहत राहिले, जणू आत आणखी एखादा दाणा चिकटला असेल.

दुसऱ्या दिवशी तिसरा प्रहर झाला. खालांच्या शेजारचा माग सुरू झाला. तो खटका मला इथवर ऐकू येई. त्या चहाचं आधण ठेवून बसल्या असतील, हे माझ्या डोळ्यांसमोर दिसत होतं. मी पाटी घेतली, ठेवली, पुन्हा घेतली आणि दारापर्यंत आले. मामा उंबरठ्यावर बसला होता. आता तो काहीतरी करील, काकांशी भांडून मला बोटाला धरून पोचवील, अशी माझी खात्री होती. "मामा, जाऊ का?" मी विचारलं.

"मला विचारू नकोस."

"पण तूच काल म्हणालास..."

"म्हणूनच विचारू नकोस. मी परवानगी दिली तर उद्या काढूनही घेईन. माझ्याकडं ती नाहीच, बाळा. कुणाकडंच नाही." आणि त्याने फक्त गुडघे पोटाशी ओढून घेतले. उंबरठ्यावर मला जाता येईल एवढी वाट मोकळी झाली.

ती वाट मला किती ओसाड वाटली! स्वातंत्र्याचा तो पहिला वारा अंगावर आला तो गारच होता. घरातलं कुणीही 'जा' म्हणत नव्हतं. आणि एका पंधरा वर्षांच्या मुलीला कुणी अडवू नये एवढंच पुरत नाही, कुणीतरी 'जा' म्हणावंही लागतं. माझा पाय उचलेना. तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. आईच्या हातात डबा होता. "लोकांच्या घरी रोज चहा पिऊन येतीस, रिकाम्या हातानं जायला लाज नाही वाटत?" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की आतल्या खोलीत काकांना ऐकू जावं. "खालांना सांग, रवा जरा जास्त भाजला गेलाय. आणि दिवे लागायच्या आत ये." डबा अजून कोमट होता. मामाने झाकणाकडे पाहिलं, मग आईकडे. "लाडू?" "हो. आणि कुणी फोडून बघणार नाहीये." आई म्हणाली, "तू नुसता बाजूला सर. तेवढं येतं तुला छान."

मी बाहेर पडले. मागे वळून पाहिलं तेव्हा मामा दारात उभा राहून चक्क डोळे पुसत होता आणि आई त्याला म्हणत होती, "उठलाच आहेस तर ते सरपण आत आण."

पुढच्या रविवारी अण्णांनी गडू काढला, तर वाट्या रिकाम्या. "दाणे कुठं गेले?" "शिजवले," आई म्हणाली. "सकाळी वरणात तूर होती आणि उसळ हरभऱ्याची होती. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लीत की!" अण्णा आधी रागावले, मग हळूच हसू लागले. हसता हसता त्यांनी एक नवा नियम सांगितला: यापुढे कुठलाही प्रश्न गडूत टाकण्याआधी, हा प्रश्न गडूत टाकण्याजोगा आहे का, हे आधी विचारायचं. "हा नियम बापूचा," ते म्हणाले. "त्याच्यासाठी सतरंजीवर जागा केली पाहिजे." मामाने मान हलवली. "नको दाजी. सतरंजीवर आलो तर मीही मत देईन." पण त्या दिवसापासून हौदाच्या सफाईला तो सगळ्यांच्या बरोबरीने, बोलावलं असतानाही जाऊ लागला. कारण विचारलं की म्हणे, "नुसतं बाजूला सरून भागत नाही, हे अक्काच्या डब्यानं डोक्यात बसवलंय."

काका माझ्याशी बोलत, पण खालांचं नाव काढत नसत. मी जात राहिले. पाऊस संपला, खालांच्या झाडाला सीताफळं धरली, डोळे उघडून पिकली, आणि एके दिवशी त्यांनी टोपलीभर आमच्याकडे पाठवली. त्या संध्याकाळी मी अंगणातल्या पायरीवर बसून धडा घोकत होते. आत, माजघरापलीकडे, काकांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी तोच शब्द म्हणत होते, पुन्हा, आणखी पुन्हा, आणि माझा काफ तसाच टाळूवरून घसरत होता. एकाएकी दार धाडकन उघडलं. काका दारात उभे. हातात अर्धं सीताफळ, मिशीला गर लागलेला.

"हलक से!" ते गरजले. "अगं, घशातून काढ, घशातून! हा काय काफ आहे? याच्यापायी छड्या खाल्ल्यात मी, आणि तू त्याची अशी वाट लावायलीस?" मग त्यांनी मान ताठ करून, डोळे मिटून तो शब्द उच्चारला. इतका खोल, इतका गोल, की हौदाच्या तळातून यावा तसा. अंगणात सगळे थबकले. काकाही थबकले. त्यांनी डोळे उघडले, आपल्या तोंडून हे काय आलं अशा नजरेने आमच्याकडे पाहिलं, आणि माझ्या पायरीकडे यायला निघाले. मधे उंबरठ्यावर मामा बसला होता.

"सरक," काका म्हणाले.

मामाने गुडघे ओढून घेतले.